साखळीचं दुसरं टोक

श्रावणभाऊ नवीन माणसाला नाव विचारत नसत. चतुःसीमा विचारत.

जमिनीच्या कागदावर ती लिहिलेली असते. पूर्वेला अमक्याचं वावर, पश्चिमेला नाला, उत्तरेला तमक्याचा बांध, दक्षिणेला पांदण. चारी बाजूंना कोण आहे हे कळलं की मधे काय आहे ते वेगळं विचारावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबा मोहटोल्याच्या शाळेत बदलून आले तेव्हा आमचं सामान अजून टेम्पोतच होतं आणि समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "जयभीम गुरुजी! चतुःसीमा?"

बाबा आधी गडबडले, मग हसले. म्हणाले, "पूर्वेला बायको, पश्चिमेला मुलगी, उत्तरेला शिक्षणाधिकारी, दक्षिणेला सासुरवाडी."

"मंग तुमी चारी बाजूनं दबलेले हा, गुरुजी," श्रावणभाऊ म्हणाले. "वावर लहान हाय, पण कागद साफ हाय."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा चंद्रपूरला होस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. सुटीपुरती आले होते आणि कोणी एकदम काही विचारलं की मला उत्तर सुचेपर्यंत विचारणारा घरी गेलेला असे. मी टेम्पोतली बादली उचलली आणि आत गेले.

"हिची सीमा कोरी हाय," मागून ऐकू आलं. "पुढच्या मोजणीत पाहू."

तीस वर्षं त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात साखळी ओढली होती. मोजणीदार साहेब नकाशा घेऊन छत्रीखाली उभे राहत आणि काट्याकुट्यांतून, चिखलातून साखळीचं टोक घेऊन जायचं काम श्रावणभाऊंचं. ठेंगणा, काटक माणूस, गुडघ्यात किंचित वाकलेला. पुढे खातं मशीनवर गेलं, जुन्या साखळ्या भंगारात निघाल्या आणि भंगारवाल्याच्या आधी श्रावणभाऊ पोचले. ती साखळी त्यांच्या घरात बुद्धाच्या फोटोखाली खुंटीला टांगलेली असे. दर पौर्णिमेला तिला खोबरेल तेल लावत. त्यांची बायको हयात असताना म्हणायची म्हणे, की माझ्या केसांना कधी इतकं तेल मिळालं नाही.

चालताना ते पावलं मोजत. मनात नाही, तोंडानं. त्यामुळे रस्त्यात त्यांच्याशी बोलायचं असेल तर ते एखाद्या आकड्यावर थांबेपर्यंत वाट पाहावी लागे. लग्नाला गेले की आधी मांडव मोजत. आमच्या घरापासून चहाच्या टपरीपर्यंत एकशे दहा पावलं. एका हिवाळ्यात ती एकशे बारा भरली, तेव्हा दोन दिवस ते बेचैन होते. "रस्ता वाढला का मी म्हातारा झालो, पाहा लागन," म्हणाले. तिसऱ्या दिवशी कळलं की टपरीवाल्यानं बाकडं मागे सरकवलं होतं. श्रावणभाऊंनी त्याला इतकं झापलं की त्यानं ते पुन्हा जागेवर आणलं.

साखळी एकट्यानं ओढता येत नाही. मागचा माणूस आपल्या टोकाची कडी दगडावर धरतो आणि ओरडतो, "लागली!" मग पुढचा ताण देऊन खूण करतो. पुढच्यानं "सोड" म्हटल्याशिवाय मागच्यानं सोडायची नाही. हे सगळं मला माहीत आहे, कारण शाळेच्या कुंपणासाठी बाबांना माप हवं होतं आणि श्रावणभाऊंनी मागचं टोक माझ्या हातात दिलं. मी कडी दगडावर धरली आणि म्हणाले, "लागली."

पलीकडून काहीच नाही. मग अख्खं साखळीभर अंतर चालत ते परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"मुंगी बोलली का आता?"

"मी म्हटलं, लागली."

"मले म्हटलं का दगडाले म्हटलं? इतक्या हळू बोललीस तर दगड इथी हाय का तिथी गेला, मले समजन कसं?"

शेवटी मी हात वर करायचा असं ठरलं. त्यांना ते आवडलं नव्हतं. पुढे कधीही माझा विषय निघाला की ते एक हात वर करून दाखवत.

*

मी पदवी घेऊन घरी आले, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पसरून बसले, त्या उन्हाळ्यात दिल्लीचा कागद आला.

मोहटोल्याच्या जंगलाखाली कोळसा आहे, हे सगळ्यांना जुनंच माहीत होतं. नवीन होतं ते एवढंच की केंद्र सरकारनं तो काढायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी जंगलाची जमीन खाणीकडे वळती करायला ग्रामसभेची संमती हवी होती. त्या जंगलात गावाचा मोह होता, तेंदूपत्ता होता, गुरांची चराई होती. घराघराची मोहाची झाडं ठरलेली होती, कागदाशिवाय, आजोबा-पणजोबांपासून. जंगल गेलं की घरं जागेवर राहणार होती, फक्त घरात आणायला काही राहणार नव्हतं.

कागद सतरा पानांचा आणि इंग्रजीत. सरपंच मंदाबाईंनी तो श्रावणभाऊंकडे आणला आणि श्रावणभाऊंनी आमच्या ओट्यावर. दहाबारा माणसं गोळा झाली. मी खालच्या आवाजात वाचायला लागले.

"जोरात वाच ना माय," श्रावणभाऊ म्हणाले. "दिल्लीचा कागद हाय. दिल्लीले ऐकू गेलं पायजे."

मी वाचत गेले, सांगत गेले. सरकारच्या मालकीचं जंगल, असं जिथं आलं तिथं त्यांनी बोट उचललं.

"चतुःसीमा काय लिवली?"

"जंगलाची?"

"सरकारची."

लोक हसले. ते हसले नाहीत. त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. "आपण आमचे जंगल देणार असल्याचे समजले. देण्याआधी ते आपल्याकडे असल्याची मोजणी झाली आहे काय? आपल्या पूर्वेस, पश्चिमेस, उत्तरेस व दक्षिणेस कोण आहे ते कळवावे." मी ते शक्य तितक्या सभ्य इंग्रजीत केलं. दिल्लीहून उत्तर आलं नाही, पण रजिस्टर पोस्टाची पोच आली. तिच्यावर कोणाची तरी वेडीवाकडी सही होती. श्रावणभाऊंनी ती गावभर फिरवली. "पाहा, दिल्लीनं सही केली. दिल्लीची हजेरी लागली."

हजेरीचा विषय थट्टेचा नव्हता. पलीकडच्या एका गावात असं झालं होतं की लोकांनी सभेला येऊन हजेरीच्या सह्या केल्या, आणि नंतर त्याच सह्यांचे कागद संमतीच्या ठरावाला जोडलेले निघाले. त्यामुळे मोहटोला अडकला होता. मंदाबाई चिडून म्हणाल्या, "नाई गेलो तर लिवतीन, कोणाची हरकत नाई. गेलो न सही केली तर लिवतीन, सगळ्याईची संमती. आता कुठी जावं माणसानं?"

"जाऊ ना," श्रावणभाऊ म्हणाले. "सगळे जाऊ. धुतलेले कपडे घालून जाऊ. सही बी करू."

"भाऊ, तुमी हा कोणाच्या बाजूनं?"

"पूर्वेच्या," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ते अकराव्या पानावरचं पुन्हा वाच."

अकराव्या पानावर सभेचे नियम होते. सभा त्या गावाच्या हद्दीच्या आत व्हावी, अशी एक ओळ होती. मी वाचली.

"हद्दीच्या आत?"

"हो."

"नीट पाय. जवळपास, असं तर नाई लिवलं?"

"नाही. हद्दीच्या आतच."

त्यांनी ती ओळ तिसऱ्यांदा वाचून घेतली. मग एकदम म्हणाले, "चहा पितेस का?" श्रावणभाऊंनी कोणाला स्वतःहून चहा विचारला, असं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

*

सभेच्या दोन दिवस आधी जागा पाहायला एक तरुण साहेब आले. शाळेचं पटांगण लहान, ग्रामपंचायतीसमोर ऊन. श्रावणभाऊ त्यांच्याबरोबर फिरत होते, आणि मी आमच्या खिडकीतून पाहत होते. ते साहेबांना गावाच्या कडेला असलेल्या तीन मोठ्या मोहांखाली घेऊन गेले. तिथं सावली होती, वारा होता, गाडी थेट झाडापर्यंत जात होती. साहेब खूश झाले. दुसऱ्या दिवशी तिथं मांडव उभा राहिला, मोठे पंखे आले, पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या आल्या.

सभेला सगळं गाव आलं. खरंच धुतलेले कपडे घालून. प्रकल्पाचे मोठे साहेब देशाच्या गरजेवर बोलले. वीज, रेल्वे, कारखाने. मंदाबाईंनी विचारलं, "साहेब, मोह कुठी वेचावं?" ते म्हणाले, पर्यायी वृक्षारोपण दुसऱ्या जिल्ह्यात होणार आहे. "मंग सकाळी बसनं जाऊ का वेचाले?" मंदाबाई म्हणाल्या. बायका पदराआड हसल्या. साहेबांनी ती सूचना म्हणून लिहून घेतली.

हजेरीचं रजिस्टर फिरलं. लोक रांगेनं सही करत होते, अंगठे उठवत होते. शेवटी श्रावणभाऊंनी सही केली. त्यांना एका सहीला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. मग ते पेन टोपणात घालून साहेबांकडे वळले.

"साहेब, सभेचं ठिकाण काय लिवलं?"

"मौजा मोहटोला."

"मंग चला ना."

"कुठे?"

"मोहटोल्यात."

साहेब थांबले. त्यांना वाटलं म्हातारा जेवायला बोलावतो आहे. श्रावणभाऊंनी खुर्चीखालची पिशवी ओढली आणि तिच्यातून साखळी बाहेर आली, चकचकीत, खोबरेलाचा वास सोडत.

मांडवापासून थोडं अलीकडे, गावाच्या बाजूला, तरोट्याच्या झुडपांत शिवेचा दगड आहे. मोह वेचायला सुरुवात होते त्या दिवशी मोहटोला आणि पलीकडचा बोरटोला, दोन्ही गावं आपली पहिली ओंजळ त्या दगडावर ठेवतात. म्हणजे कोणी कोणाच्या झाडाखाली जायचं नाही, याची ती आठवण. दगडावर वाळलेली फुलं अजून होती. गावातल्या कुठल्याही बाईनं तो डोळे मिटून दाखवला असता. साहेबांना मात्र तो दगडच वाटला होता.

श्रावणभाऊंनी साखळीचं मागचं टोक त्या तरुण साहेबांच्या हातात दिलं. "तुमीच धरा. नाईतर म्हणान, आमी खोटं मोजलं." बिचाऱ्यांनी धरलं. श्रावणभाऊ शिवेला काटकोन धरून मांडवाकडे निघाले, ताण दिला, खूण केली, परत आले.

"मांडवाचा पहिला बांबू बोरटोल्यात. स्टेज बोरटोल्यात. साहेब, तुमची खुर्ची तर पार आतमधी हाय. आमच्या हद्दीत फक्त चहाचा डेग हाय. चहा आमच्याकडून समजा."

तेवढ्यात मांडवाच्या मागून बोरटोल्याच्या गिरजाबाई काठी टेकत आल्या. त्यांना कोणी बोलावलं होतं, हे मी सांगू शकत नाही. "काऊन जी साहेब," त्या म्हणाल्या, "आमच्या गावात सभा भरवली न आमालेच इचारलं नाई? पंखे लावले ते बी त्याईच्याकडे तोंड करून?"

रजिस्टर मिटलं. एवढ्या सह्या, आणि त्यातली एकही कामाची नाही. एका गावाच्या लोकांनी दुसऱ्या गावात बसून केलेली हजेरी कुठल्या ठरावाला जोडणार? अकरावं पान मंदाबाईंनी पदराच्या गाठीतून काढून साहेबांसमोर ठेवलं.

मोठे साहेब लाल झाले होते. ते म्हणाले, "हा दगड सरकवलेला आहे. हे यांचंच काम आहे."

श्रावणभाऊंनी साखळी गोळा केली, पिशवीत भरली आणि निघून गेले. त्या दिवशी त्यांनी पावलं मोजली नाहीत. मी त्यांच्या मागेच होते म्हणून मला कळलं.

*

श्रावणभाऊंच्या रागाचं कारण मला ठाऊक होतं. वर्षभरापूर्वी माझी एक परीक्षा बल्लारपूरला होती आणि बाबांना सुटी नव्हती, म्हणून श्रावणभाऊ सोबत आले होते. परत येताना त्यांनी बस मधेच थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला मातीचे डोंगर आणि पलीकडे खोल खाण.

"तिथी खाली पाय," ते म्हणाले. "पिवळं डंपर हाय ना? त्याच्या बाजूनं आमची न्हाणी होती. वर, हवेत."

त्यांचं मूळ गाव त्या खाणीत गेलं होतं. मला त्या गावाचं नावही कधी माहीत नव्हतं.

"खाणीची मोजणी आली तवा मी नोकरीत नवा होतो. बापाच्या वावरात साखळी मीच ओढली. बाप बांधावर बसून पाहत होता. मले म्हणे, जरा ढिली धर. नाई धरली." खाली पाहतच म्हणाले, "एक कडीबी इकडेतिकडे नाई. चुकली असती तर बरं वाटलं असतं."

मग पुढच्या बसची वाट पाहत त्यांनी थांब्याचं शेड मोजलं आणि ते सरकारी मापापेक्षा कसं लहान आहे हे मला अर्धा तास सांगितलं.

अशा माणसानं दगड सरकवला, असं म्हणणं म्हणजे काय होतं, हे साहेबांना कळायचं कारण नव्हतं.

आठवड्यानं मोजणीचं मशीन आलं. तीन पायांवर उभं राहणारं, आकाशातून मोजणारं. दोन दिवस ते शिवेवर फिरलं. श्रावणभाऊ लांब झाडाखाली पाठ करून बसले होते, जसं काही त्यांचं त्यात काहीच नाही. दगड जिथं असायला हवा होता तिथंच निघाला, वीतभराचाही फरक नाही. मशीनवाल्या मुलीनं तसं लिहून दिलं आणि जाताना त्यांच्या साखळीला हात लावून पाहिला. तिला त्यांनी चतुःसीमा विचारली. तिनं पटकन सांगितली.

त्या संध्याकाळी बाबांनी ओट्यावर हळूच विचारलं, "भाऊ, आता घरचेच आहोत. खरं सांगा, काही सरकवलं का?"

"सरकवलं ना."

बाबांचा चहा हातातच राहिला.

"दगड नाई सरकवला, गुरुजी. साहेब सरकवला." ते शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले. "मी त्या पोराले इचारलं बी होतं, साहेब, शीव पाहाची का? तो म्हणे, शीवबीव राहू द्या बाबा, पंखे कुठी लागतीन ते सांगा. मी पंखे कुठी लागतीन ते सांगितलं."

*

दुसरी सभा पावसाळ्याच्या तोंडावर शाळेच्या पटांगणात झाली, हद्दीच्या पुष्कळ आत. यावेळी हजेरीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावरच मंदाबाईंनी लिहून घेतलं होतं की ही सही फक्त हजेरीची आहे. आणि सभेनं आपला ठराव आपणच लिहिला: मोहटोल्याची संमती नाही. मराठीत मंदाबाईंनी, इंग्रजीत मी. तो कागद दिल्लीला गेला. तो अजून फिरतो आहे आणि जंगल अजून उभं आहे. या दोन्हींतलं कोणतं आधी थांबेल, मला सांगता येणार नाही.

श्रावणभाऊ पुढल्या वर्षी नागपूरला लेकीकडे गेले, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी, आणि तिथंच वारले. हे आधीच सांगून टाकते, कारण ते मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते जायच्या दिवशी सकाळी.

ते साखळी घेऊन दारात आले. "चल. एक टोक धर."

"आता? तुमची बस आहे."

"बस बोरटोल्याच्या फाट्यावरून जाते. जंगलातून गेलो तर वाटेत काम होते."

काम असं होतं. शिवेचा हा दगड सगळ्यांना माहीत होता. त्याच्या पुढचा, जंगलातला, मातीत अर्धा बुजलेला दगड फक्त श्रावणभाऊंना माहीत होता. पुढच्या वेळी दिल्लीचे लोक तिकडून आले तर तो दाखवायला कोणीतरी हवं होतं. आणि त्यांना आता दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं.

मोहाचे दिवस होते. बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या होत्या. मी दगडावरची फुलं बाजूला करून कडी धरली. श्रावणभाऊ दुसरं टोक घेऊन निघाले, मोठ्यानं पावलं मोजत. सागाच्या झाडांमधे ते आधी अर्धे दिसेनासे झाले, मग पिशवी, मग टोपी. मग फक्त आकडे ऐकू येत राहिले. मग तेही थांबले. साखळी जमिनीवरून उचलली गेली आणि ताठ झाली.

"लागली का?"

मी सवयीनं हात वर केला. मग लक्षात आलं, की हा हात पाहणारं तिकडे कोणी नाही.

"लागली का वं?"

"लागली!" मी ओरडले.

होले फडफडत उडाले. मंदाबाई टोपली टाकून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मला साप चावला.

झाडांमागून हसू आलं, खोकल्यासकट. "बस बस! दिल्ली उठून बसली असन!"

नंतर बराच वेळ काही नाही. त्यांनी "सोड" म्हटलं नव्हतं, म्हणून मी कडी दाबून बसले होते. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला, बस निघाल्याचा आवाज आला, तरी साखळी तशीच ताठ होती. तेव्हा मी एक जड गोटा कडीवर ठेवला आणि साखळीच्या कडेकडेनं आत गेले. तिथं श्रावणभाऊ नव्हते, त्यांची पिशवीही नव्हती. दुसरं टोक त्यांनी त्या बुजलेल्या दगडाला गुंडाळून बांधलं होतं. भोवतीची माती काठीनं उकरून दगड मोकळा केला होता, आणि त्याच्यावर ओंजळभर मोह ठेवला होता.